पाच वर्षांचा शिक्का

(धक्क्याला बांधलेली बोट. सकाळची वेळ. दादा चाकापाशी उभा. त्याची धाकटी बहीण चिमी प्रवाशांच्या बाकावर, मांडीवर एक कागद.)

दादा : ग, ट, म. खाली ल, फ, न, ध.

चिमी : फ नाही, क. परत.

दादा : ल, क, न, ध. त्याच्या खाली… थांब, तू सांगू नकोस. र, ब, स, प, ह.

चिमी : ही ओळ बरी चुकत नाही तुझी.

दादा : दाढी करताना म्हणतो. आरशाला पाठ झाली असेल एव्हाना.

चिमी : आणि मला चोरी पाठ झाली. कचेरीत भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता उतरवून घेत होते, तर कारकून म्हणाला, बाई, काय लिहिताय? म्हटलं, नातवाला अक्षरं शिकवायचीत. मुलीचं लग्न ठरायचंय अजून, आणि मला नातू.

दादा : झालं तुझं? शेवटची ओळ घे. अकराला तपासणी, तीनला फेरी. बावीस माणसं आहेत आज. परवान्यावर शिक्का बसला की पाच वर्षं कोणी विचारायला येत नाही.

चिमी : पाच वर्षं.

दादा : हो. सव्वीस झाली, अजून पाच. मग बसतो की घरी तुझं डोकं खात.

चिमी : पहिले बारा दिवस एकही देवमासा दिसला नव्हता, आठवतं?

दादा : तेराव्या दिवशी दिसला. तू ओळ घे.

चिमी : बारा दिवस मी त्या भोंग्यावरून लोकांना सांगत होते, देवमासा असा श्वास घेतो, असा बुडी मारतो. सगळं पुस्तकातलं. स्वतः बापजन्मात पाहिला नव्हता. आणि तेराव्या दिवशी तो बोटीखालून गेला, तर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

दादा : भोंगा चालूच होता. तुझा नुसता श्वास ऐकू येत होता, भात्यासारखा. ती चष्मेवाली मुख्याध्यापिका मला म्हणाली, काय हो, हा देवमाशाचा आवाज का?

चिमी : तू हो म्हणालास.

दादा : तिला किती आनंद झाला होता. मोडू कशाला?

चिमी : त्या दिवसापासून धक्क्यावर मला भोंगा म्हणायला लागले. अजून म्हणतात.

दादा : ते श्वासामुळे नाही. तू गप्प बसत नाहीस म्हणून.

चिमी : आणि तो झोपलेला म्हातारा? तीन देवमासे आजूबाजूला, अख्खी बोट एका बाजूला कललेली, आणि हा बाकावर घोरतोय. मी उठवायला गेले तर त्याच्या बायकोने हात धरला माझा. म्हणाली, राहू द्या, चाळीस वर्षांत हा एवढा निवांत कधी झोपला नाही, देवमासा काय पुन्हा येईल.

दादा : वहिनीला ते फार आवडलं होतं.

चिमी : तुझ्या बायकोला तू वहिनी म्हणतोस.

दादा : तुझ्याशी बोलताना जीभ तशीच वळते. ती इथेच उभी असायची, माझ्या डाव्या हाताला. म्हणायची, तुम्ही समुद्राकडे बघा, मी तुमच्याकडे बघते, दोघांचं भागेल.

चिमी : तिच्या शेवटच्या फेरीलाही इथेच होती. शाल गुंडाळून. तेव्हा ती देवमाशीण आली होती, फाटकी.

दादा : फाटकीच. शेपटीचा उजवा कोपरा उडालेला. बोटीला लागून वर आली, कुशीवर वळली, आणि डोळा उघडून बघत राहिली. एवढासा डोळा, त्या अंगाला शोभत नाही. वहिनी म्हणाली, बघा ना, हिला पण झोप लागत नाहीये. मग फाटकीने श्वास सोडला, आणि आम्ही सगळे नखशिखांत भिजलो. कुजक्या मासळीचा वास. वहिनीने शाल धुऊ दिली नाही मला. चार दिवस घरभर तो वास.

चिमी : माहीत आहे. मी पाचव्या दिवशी धुतली.

दादा : ती तू धुतलीस?

चिमी : मग काय, आपोआप धुतली गेली?

दादा : नऊ वर्षं मला वाटत होतं, तिने स्वतः धुतली. असो. तर हे चाक सोडून मी कुठे जाऊ, चिमे? घरात ती कुठेच नाही. इथे आहे. म्हणून म्हणतो, शेवटची ओळ घे.

चिमी : दादा, गुरुवारची फेरी आठवते?

दादा : गुरुवारी काय झालं?

चिमी : फाटकी आणि तिचं पिल्लू. मी भोंग्यावरून ओरडले, इंजिन बंद.

दादा : आणि मी बंद केलं. त्याच क्षणी. सव्वीस वर्षांत कधी एका क्षणाचाही उशीर केला नाही.

चिमी : नाही केलास. पिल्लू दिसलं होतं तुला?

दादा : दिसलं होतं.

चिमी : कुठे होतं?

दादा : डावीकडे. जरा लांब.

चिमी : अगदी समोर होतं. नाकासमोर, पंधरा हातांवर. झोपलं होतं पाण्यावर, ओंडक्यासारखं. बोट आपल्या वेगानेच पुढे सरकत राहिली, आणि मी कठड्याला धरून मोजत होते, दहा हात, सहा हात. मग फाटकी खालून आली आणि पिल्लाला पाठीवर घेऊन बाजूला झाली. तिने केलं ते, आपण नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही भोंग्यावरून म्हटलं, बघा, आईची माया. हसत म्हटलं. आणि मग खाली जाऊन इंजिनच्या खोलीत ओकले.

दादा : मला म्हणालीस, उन्हाने झालं.

चिमी : म्हणाले खरं.

दादा : त्या दिवशी समोर ऊन होतं, पाणी चमकत होतं. कोणाचीही नजर फसली असती.

चिमी : माझी नाही फसली. प्रवाशांतल्या त्या सहा वर्षांच्या पोरीची नाही फसली, तिने माझ्याआधी बोट दाखवलं. दादा, डॉक्टर काय म्हणाले ते खरं सांग. मला तू सांगितलंस, चष्म्याचा नंबर वाढलाय.

दादा : तू विचारून आलीस वाटतं त्यांना.

चिमी : तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दादा : डोळ्यामागचा पडदा झिजलाय. चष्म्याने होणार नाही, कापाकापीनेही होणार नाही. कडेचं दिसतं. मधोमध मात्र एक डाग, बशीएवढा. डावीउजवीकडचं कळतं, समोरचं नाही.

चिमी : आणि पिल्लू समोर होतं.

दादा : हो.

चिमी : माझाही गुन्हा आहे यात. दोन वर्षं मी भोंग्यावरून घड्याळाच्या काट्यांवर दिशा सांगतेय, नाकासमोर बारा. दहा वाजता, दोनशे हात. दोन वाजता, ऐंशी हात. लोकांना वाटतं, काय शिस्तीची बाई. लोकांसाठी नव्हतंच ते.

दादा : कळलं होतं मला.

चिमी : कधी?

दादा : पहिल्याच आठवड्यात. चोवीस वर्षं तू नुसतं म्हणायचीस, अहो तिकडे बघा तिकडे. लोकांना तेवढं पुरत होतं. एकाएकी तुला घड्याळ कशाला सुचेल?

चिमी : मग बोलला का नाहीस?

दादा : तू का नाही बोललीस?

चिमी : बोलले असते तर तू चाक सोडलं असतंस. आणि मग मी घरी बसून काय केलं असतं, भिंतीला देवमासे दाखवले असते? मला पण बोट हवी होती, दादा. तुझ्या नावाखाली मी माझंच बघितलं.

दादा : दोघेही सारखेच चोर.

चिमी : सारखेच. पण गुरुवारी तिचं पिल्लू होतं. आज बावीस माणसं आहेत. आणि एखाद्या दिवशी माझा घसा बसला, किंवा मी दुसरीकडे बघत असले, तर? हा कागद मी पुढे वाचणार नाही. तुला जायचं तर जा, तीन ओळी पाठ आहेत, कदाचित पास होशील. पण मी बोटीवर येणार नाही.

दादा : धमकी देतेस?

चिमी : नाही रे. भीती वाटते, ते सांगतेय.

दादा : (चाकावरचे हात काढून खिशात घालतो.)

चिमी : बोल काहीतरी. शिव्या दे.

दादा : तुझा परवाना चालू आहे ना अजून? माझा पाय मोडला तेव्हा काढलेला.

चिमी : चालू आहे. दर पाच वर्षांनी शिक्का मारून आणते. तक्ता पाठ न करता.

दादा : तेव्हा तू महिनाभर चालवलीस. धक्क्याला लावताना दोनदा आपटलीस.

चिमी : एकदा. दुसऱ्यांदा धक्काच पुढे आला होता.

दादा : कचेरीत फोन कर. म्हणावं, यायचा नाही. कारण विचारलं तर सांग, दिसत नाही. तसंच सांग, गोल गोल बोलू नकोस.

चिमी : सांगते.

दादा : आणि दोर सोड. तीनच्या आधी एक चक्कर मार, मला तुझा हात बघू दे. माणसं घेऊन जाणार आहेस.

चिमी : तू?

दादा : मी आहे ना. सरक, मला बाकावर बसू दे. ही उशी इतकी टणक आहे? सव्वीस वर्षं लोक यावर बसले आणि एकाने तक्रार केली नाही.

चिमी : ते देवमासे बघत होते. धरलंय मी चाक. बोट काढू का?

दादा : काढ. हळू. आधी मागे घे, मग वळव. हं. असंच.

चिमी : दादा, तिथून काय दिसतंय तुला?

दादा : तू दिसतेस. डावीकडे वहिनीपुरती जागा ठेवून उभी राहा.