सामान्य की उच्च?

नातवानं कोणते विषय घ्यावे यावरून तुम्ही इतके भांडून राह्यले, तर माह्या बाबाचं ऐका.

मॅट्रिकले तवा दोन गणितं होती, सामान्य आणि उच्च. इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जायचं तर उच्चच लागे. हेडमास्तरांनी बाबाले शाळेत बोलावलं अन् म्हणाले, "मुलीला सामान्य द्या. उच्च तिला झेपायचं नाही."

आमचं घर नुकतंच बौद्ध झालं होतं. 'उच्च' शब्द कानावर पडला की बाबा सावध होत.

"काऊन जी, गणितातबी उच्च-नीच हाय का?"

"अहो, तसं नाही. मार्क चांगले पडतील म्हणून सांगतो."

"तुमच्या पोरानं कोणतं घेतलं?"

"उच्च."

"मंग त्याले मार्क नाही पाह्यजे का?"

हेडमास्तरांनी माह्याकडे पाह्यलं. अन् एकदम हसले. "बरं, उच्च घेऊ द्या."

मी खुश! बाबा मात्र वरवट बकालच्या रस्त्यानं विचारात सायकल ढकलत निघाले. गाव दिसल्यावर थांबले.

"पोरी, हा मानूस इतक्या लौकर हो काऊन म्हणला?"

"मले काय मालूम?"

"काहीतरी डाव हाय. तू शाळेत उच्च शिक, अन् घरी सामान्यबी करून ठेव."

दोन्ही केली. पुढं इंजिनिअर झाली, नोकरीले लागली. मी ते सामान्य गणिताचं पुस्तक रद्दीत टाकाले काढलं, तर बाबानं हातातून घेतलं.

"राहू दे. हेडमास्तर अजून रिटायर नाही झाला."