ह्यांची सरदारी चाल

खानदानी रुबाब कशाने येतो, ते मला विचारा. आमच्या ह्यांना तो कानातून आला.

चक्कर यायला लागली म्हणून आमच्या जुन्या संस्थानी शहरातल्या मुरार भागात डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "कान के अंदर बैलेंस के बारीक कण होते हैं, वो खिसक गए हैं. गर्दन झुकाई, तो दुनिया घूमेगी." झालं! तेव्हापासून हे मान ताठ ठेवून, एकेक पाऊल जपून टाकत चालायचे. कोणी हाक मारली की अख्खेच्या अख्खे वळायचे. पडू नयेत म्हणून कोपर धरायला मी.

नेमके तेव्हाच मुलीला बघायला पाहुणे आले. सगळे वाकून नमस्कार करताहेत आणि हे खांबासारखे उभे! म्हटलं, मोडलं लग्न. तर मुलाची आई माझ्या कानाशी येऊन म्हणते, "काय चाल आहे हो! जुने सरदार वाटतं?"

आमचे आजेसासरे दरबारात कारकून होते, हे मी चहाबरोबर गिळलं.

लग्न ठरलं. डॉक्टर म्हणाले, "लेटिए, सिर घुमाकर अभी ठीक किए देता हूँ."

हे म्हणाले, "अक्षता पड़ने दीजिए."

अक्षता पडल्या, मग कान दुरुस्त झाला. परवा विहीणबाई आल्या, तर हे टुणकन उठले, वाकून नमस्कार केला, धावत जाऊन पाणी आणलं. बाईंनी मला बाजूला घेतलं. चेहरा काळजीत.

"ह्यांची तब्येत बरी नाही का हो? चाल अगदी कारकुनासारखी झालीय."