पुनमच्या मऊ पोळ्या

सन दोन हजार एक. जवळा बाजारच्या स्टँडवर हट्ट्याच्या मंजुळाबाई गाडीची वाट पाहत होत्या. मागच्या बाकावर दोन अनोळखी बाया बोलत होत्या.

“पोळ्या इतक्या मऊ कशा करती गं?”

“कणीक सैल भिजवायची, तेलाच्या हातानं मळून घंटाभर झाकायची. हट्ट्याच्या पुनमनं शिकवलं. माझी मावसबहीण.”

मंजुळाबाईंच्या सुनेचं नाव पुनमच होतं.

“तिच्या घरी रोज पोळ्या?”

“गडीमाणसायला. आन् सासूला दाढा न्हाईत म्हणून तिला. पुनमला भाकर.”

“काहून?”

“सुनंनं भाकर खायची, रीतच हाय तिथली. आता पाचवा महिना हाय, पोळीवर जीव गेलाय तिचा. म्हणती, बाळंतपणाला गेले की परत येत न्हाई.”

“सासू खाष्ट हाय काय?”

“न्हाई गं. लई चांगली हाय म्हणती. तिच्या ध्यानातच न्हाई.”

हट्ट्याची गाडी लागली, भरली, निघून गेली. मंजुळाबाई बसूनच राहिल्या.

त्या संध्याकाळी पोळ्या त्यांनी लाटल्या. वातड झाल्या, तरी पुनमनं चार खाल्ल्या.

त्या दोघी बाया पुन्हा कधी दिसल्या नाहीत. पुनम सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन परत आली. मंजुळाबाई पुढं नऊ वर्षं जगल्या. पुनमच्या ताटात पोळी पडल्याशिवाय त्यांनी घास मोडला नाही.