शंभरात पंधरा

...नाही, मला सांगा, कुनाफ्याच्या दुकानात येऊन बसायचं आणि कुनाफा आवडत नाही म्हणायचं, ही काय रीत झाली? आणि तेही आमच्या नाब्लुसमध्ये, चीज-पाकाच्या या मिठाईच्या माहेरघरात! शंभरात पंधरा! तुम्हाला सांगतो, हे पंधराचं खूळ आमच्या बीसानचं. एकुलती एक लेक, कॉलेजात गणित शिकते, ती शंभर गिऱ्हाइकांना विचारत सुटली, मऊ आवडतो की कुरकुरीत? मऊवाले निघाले साठ, कुरकुरीतवाले पंचावन्न. मी बेरीज केली... एकशे पंधरा! म्हटलं, "अगं, वरचे पंधरा काय परातीखाली लपले होते?" तर म्हणते, "बाबा, तीस जणांना दोन्ही आवडतात, ते तुम्ही दोनदा मोजले. तीस वजा करा." केले. पंच्याऐंशी. "मग उरलेले?" "त्यांना कुठलाच आवडत नाही." शंभरात पंधरा! अहो, मग ते माझ्याकडे येतात कशाला, पाणी प्यायला?

तेवढ्यात बीसानला सफवानचं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, बाप मास्तर, सगळं झकास. पण माझी एकच अट, जावई कुनाफा खाणारा हवा, पणजोबांपासूनची परात आहे हो आमची! बीसान म्हणाली, "बाबा, मुलगा न खाणारा निघायची शक्यता शंभरात पंधरा. आणि बाप-लेक दोघंही? पंधराला पंधरानं गुणा, शंभरात फक्त सव्वादोन." सव्वादोन! मी निर्धास्त.

ठरल्या दिवशी त्यांची बुजुर्ग मंडळी आली. कॉफी समोर, पण कोणी हात लावेना, कारण मुलीच्या बापानं "घ्या" म्हणायचं असतं, आणि एकदा म्हटलं की शब्द गेला, मुलगी दिली. मी छाती फुगवून म्हटलं, "घ्या!" घेतली. आत बायकांचा एकच जल्लोष. मग मी स्वतः परात आणली, पाक ठिबकतोय, चीजच्या तारा सुटतायत... आणि सफवाननं बशी हळूच बाजूला सरकवली. त्याच्या बापानंही! वर मला, म्हणजे बीसानच्या बापाला, म्हणतो, "माफ करा अबू बीसान, आमच्या घरात कुनाफा कोणालाच आवडत नाही." कोणालाच! अरेरे, परात आधी आणली असती तर!

आत जाऊन लेकीला गाठलं, "तुझे सव्वादोन गेले कुठे?"

"बाबा, एकमेकांशी संबंध नसेल तरच गुणायचं असतं. हे तर एकाच घरचे."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

खाली बघून म्हणते, "त्या पंधरांत सफवान होता ना... मीच विचारलं होतं त्याला."

घ्या! म्हणजे एक जण दुकानात कशाला बसायचा ते तरी कळलं. उरलेले चौदा अजून येतात हो रोज... आणि मला दुसरी मुलगी नाही!