आधी सभागृह होऊ दे

माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते आपले सर, आणि मागे उभं राहून गप्पा मारणाऱ्यांसह सर्व श्रोतेहो,

सरांची स्तुती मी करणार नाही. आधीच्या वक्त्यांनी ती मनसोक्त केली आहे आणि सर केव्हाचे अवघडून बसले आहेत.

सर आपल्याला उपनिषदं शिकवायला आले. पूजापाठ, व्रतं, अनुष्ठानं यांना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. एवढंच म्हणायचे, "ही पायरी आहे. पायरीवर अंथरूण घालू नका." आपण काय केलं? अंथरूण घातलं आणि वर पंखाही लावला.

माझे यजमान या मंडळाचे पहिले अध्यक्ष. मागच्या खोलीत सरांचा वर्ग चाले आणि हे बाहेर गवंड्याशी हुज्जत घालत. सर हाक मारायचे, "अध्यक्षमहाराज, या की आत!"

"आधी सभागृह होऊ दे, सर. मग तुमच्यापुढे अशी मांडी ठोकतो, की उठवून दाखवा!"

सभागृह झालं. मग महापूजा आल्या, त्यांची भांडीकुंडी आली, आणि ती ठेवायला वर्गाची खोली गेली. सर जिन्याखाली शिकवू लागले. कुणाला वावगं वाटलं का?

यजमान दवाखान्यात होते तेव्हा सर भेटायला आले. हे म्हणाले, "सर, आता सांगाच. मी म्हणजे नेमका कोण?" सरांनी खुर्ची जवळ ओढली. तेवढ्यात फोन वाजला. मंडळाच्या अंगणाचं काम घेतलेला फरशीवाला होता. "एक मिनिट हं, सर," म्हणून यांनी घेतला. बोलता बोलता दमले, डोळा लागला. सर संध्याकाळपर्यंत बसून राहिले. हे जागे झालेच नाहीत.

लोक म्हणतात, केवढं पुण्य जोडून गेले! असेलही. पण आयुष्यभराचा खटाटोप ज्या एका प्रश्नासाठी, तो विचारून उत्तर न ऐकता माणूस गेला. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आता सरांच्या नावाने वरचा मजला बांधायचा ठराव यायचा आहे. अध्यक्षमहोदय, ठराव उद्या वाचता येईल. सर उद्या नसतील.

बोलावलंत, ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझं बोलणं कुणाला लागलं असेल तर वयाकडे पाहून सोडून द्या. सर, माझा उरलेला वेळ तुम्ही घ्या. यांना सांगायचं राहिलं ते आम्हाला सांगा. मी खाली सतरंजीवर बसते.