सात पानांचा गुलाब

मंडळी, ऐका! कीर्तनाच्या पूर्वरंगात तुम्ही फार शहाण्यासारखे बसलात. जांभया आल्या त्यासुद्धा पदराआड दिल्यात! आता एकच प्रश्न विचारतो. शेजाऱ्याच्या अंगणातलं तण आपल्याला आपल्या गच्चीवरून दिसतं — खरं की नाही? त्याच्या सुनेनं पोळी जाड लाटली, तेही कळतं! मग आपल्याच दारात, आपल्याच नाकासमोर वाढलेलं तण आपल्याला का दिसत नाही? डोळे तेच, चष्मा तोच! — काय म्हणता आजी? मोतीबिंदू? अहो, ऑपरेशन झालेल्यांनाही दिसत नाही!

तर आपल्याच गावातले एक गृहस्थ. नाव सांगत नाही. ते अजून इथंच राहतात, आणि त्यांची बायको पुढच्या रांगेत बसली आहे. आपण त्यांना बापूसाहेब म्हणू. — दिगंबरपंत, हसू नका, पेटी सांभाळा!

बापूसाहेबांचा धंदा बोलण्याचा आणि नाद बागेचा. दोन्हीकडे तोंड पुढं, हात मागं! पाऊस सरला, आश्विनातलं ऊन अंगाला बरं वाटायला लागलं, की या देवळामागच्या हौदाच्या कट्ट्यावर बागवाल्यांची सकाळची बैठक भरते. एक अण्णा कुरणे — एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. दुसऱ्या सगुणाबाई — देवळाच्या दारात हार करतात, जन्म फुलांत गेलेला. आणि तिसरे आपले बापूसाहेब — अध्यक्ष! निवडून कुणी दिलं? कुणी नाही. पण खुर्ची रिकामी दिसली की बसायचं, हा काही लोकांचा स्वभावच असतो.

अण्णा म्हणायचे, "शेवंतीवर मावा पडलाय बघा."

सगुणाबाई म्हणायच्या, "माज्या गुडघ्यात काय पडलंय, त्ये कुनी बघंना."

"अण्णा, निंबोळीचा अर्क फवारा! सगुणाबाई, एरंडाचं पान बांधा!" — बापूसाहेबांचं औषध तयार!

"आणि आमचे जावई फोन उचलत नाहीत, त्यावर?" अण्णा विचारायचे.

"छाटा!"

"जावयाला?"

"गुलाब हो, गुलाब! दसरा झाला, आता दया नको. निम्म्यावर आणा!"

या कट्ट्याची एक रीत आहे, मंडळी. दसऱ्यानंतरच्या रविवारी छाटणीची फेरी निघते. सगळ्यांनी मिळून घरोघर जायचं आणि गुलाब छाटायचे. पण ज्याचं झाड, त्यानं कातर धरायची नाही! शेजाऱ्यानं धरायची. का? आपल्या झाडावर आपला हात चालत नाही म्हणून. ही फांदी बरी आहे, ती राहू दे, करत करत काटक्यांचं जंगल होतं. आणि हा नियम कुणी घातला असेल? बापूसाहेबांनीच! वर पाऊण तास भाषणही केलं.

आता घरी काय झालं ते ऐका. कुमुदकाकू, म्हणजे बापूसाहेबांची बायको, ज्येष्ठात नागपूरला गेल्या. लेकीचं बाळंतपण. जाताना त्यांनी नवऱ्याला दारातल्या गुलाबापाशी उभं केलं. फिकट पिवळा गुलाब. काकूंच्या वडिलांनी स्वतः बांधलेलं कलम. वडील गेले, माहेरची बाग मोडली, त्या रंगाचं दुसरं झाड कुठं उरलं नाही. हे एकच!

काकू म्हणाल्या, "अहो, याला पाणी घाला. दुसरं काही करू नका. भाषण तर मुळीच करू नका."

आणि झाड काय फोफावलं, मंडळी! श्रावणात कमरेएवढं, भाद्रपदात डोक्याएवढं! बापूसाहेब रोज कट्ट्यावर सांगायचे, "आमच्या हातालाच गुण आहे. सहा-सहा फुटांच्या फांद्या! या सगळे बघायला." शेंडा खुडला की झाड भरतं, म्हणून यांनी शेंडे खुडले. शेणखत घातलं. फूल? फूल म्हणता? "येईल हो! आधी अंग धरतं, मग फुलतं!"

रविवार आला. काकू दुसऱ्या दिवशी सकाळी यायच्या होत्या. फेरी अण्णांकडून निघाली, बापूसाहेबांनी अण्णांची झाडं अशी भादरली की अण्णांचा चेहरा बघवेना. शेवटी मंडळी बापूसाहेबांच्या फाटकाशी आली. आणि आमचे अध्यक्ष हात पसरून आडवे! "आमच्याकडे गरज नाही. एवढं सुंदर वाढलंय, त्याला कातर लावायची?"

सगुणाबाई दुखरा गुडघा धरून खाली बसल्या. बुंध्याची माती बोटानं उकरली.

"बापूसायेब, जेष्ठापास्नं फुलं किती आली?"

बापूसाहेब गप्प. मंडळी, हा माणूस गप्प बसला — हाच खरा चमत्कार!

"एका देठावरची पानं मोजा बरं."

मोजली. सात.

"काकूंच्या गुलाबाला पाच असत्यात. ही गाठ बघा. हितं जंगली गुलाबावर कलम बांधल्यालं. तुमचं समदं रान गाठीच्या खालनं फुटलंय. त्यो खालचा जंगली गुलाब हाय ह्यो! आन् काकूंचं झाड ह्ये बघा."

त्या हिरव्या दांडगाईच्या आड, गाठीच्या वर, एक काडी उभी होती. उदबत्तीएवढी! तिला तीन पानं, त्यातलं एक पिवळं.

चार महिने बापूसाहेबांनी पाणी घातलं, खत घातलं, कौतुक केलं — कुणाचं? रानट्याचं! आणि सासऱ्यांचं कलम त्याच्या सावलीत उपाशी! इतक्या वर्षांचा अनुभव, पण पानं मोजायला एकदा वाकले नाहीत.

तेव्हा त्यांच्या मनात काय आलं, सांगू? लाज वाटते सांगायला. आलं, की नर्सरीतून पिवळा गुलाब आणावा, रातोरात इथं लावावा, काकूंना काय कळतंय! — हो! असं मनात आलं! दुसऱ्यांना सत्य बोला म्हणून सांगणाऱ्याच्या!

"द्या ती कातर, मीच कापतो," बापूसाहेब म्हणाले. हात पुढं केला.

अण्णांनी कातर मागं घेतली. "नियम तुमचाच आहे, बापूसाहेब. बाजूला व्हा."

"आन् कातरीनं भागत न्हाई," सगुणाबाई म्हणाल्या. "वरनं खुडलं की दुप्पट फुटतंय. जिथनं फुटलंय तिथनंच उपसाय पायजे." आणि त्या दोघांनी ते रान एकेक करून उपसलं. बापूसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे. प्रत्येक फांदी निघताना यांची मान हळूच मागं वळत होती. इतकी लाडकी होती ती!

सकाळी काकू आल्या. पिशवी हातातच. दारात एक काडी आणि शेजारी बापूसाहेब. त्यांनी उत्तर घोकून ठेवलं होतं — हवामान, यंदाचा पाऊस, कलमांचं शास्त्र! काकूंनी काडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"चुकलो," बापूसाहेब म्हणाले.

काकू थांबल्या.

"एवढंच? भाषण नाही?"

"नाही."

"मग जगेल," काकू म्हणाल्या, आणि पिशवी ठेवून आधी पाण्याचा तांब्या आणायला गेल्या.

आता मंडळी, आज दत्तजयंती. जरा माना उंच करा. देवाच्या पायाशी ते एकच फूल दिसतंय? फिकट पिवळं? आज पहाटे उमललं. आणि बापूसाहेब कोण, हे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. नसेल तर दिगंबरपंतांचं तोंड बघा! हो बाबांनो, तो मीच. सदतीस वर्षं इथं कीर्तनात उभा राहून तुम्हाला छाटत आलो, आणि माझ्या दारात काय वाढतंय ते एका हार करणाऱ्या बाईनं दाखवलं.

तुमच्याही दारात असेल एखादं. खूप वाढलेलं, कौतुकाचं, आणि फूल न देणारं. "मी म्हणतो तेच खरं" असेल, "माझ्यामुळेच हे घर चाललंय" असेल. तुम्हाला ते दिसायचं नाही, आणि दिसलं तरी तुमचा हात चालायचा नाही. तेव्हा घरी जा, आणि ज्या माणसाचं बोलणं तुम्हाला सगळ्यांत जास्त झोंबतं, त्याला म्हणा — जरा वाकून बघ रे, माझी पानं किती आहेत?

अजून तीन दृष्टांत होते माझ्याकडे. मोठे छान आहेत. पण पुढच्या रांगेतून काकूंच्या दोन बोटांची कातर दिसते आहे मला. — आलो हो, थांबलो!

दत्तमहाराजांचं नाव घ्या, आणि उठा.