नुरा नव्हे हो, बरोबरी!

...आणि वर मलाच विचारतात, "गुणाजी, साहेबाकडून काय घेतलंस रे?" काय घेतलं? हे घेतलं! हा जबडा बघा, डावीकडून बघा, भोपळा झालाय नुसता! चार दिवस झाले, पेजेशिवाय काही आत जात नाही, आणि चाळीतली माणसं म्हणतात सूज खोटी आहे! सूज खोटी कशी असेल हो? तोंडात सुपारी धरून बसलोय मी? दाबून बघा म्हटलं, तर ती तिसऱ्या खोलीतली रमाबाई, तिनं खरंच दाबून बघितलं!

तुम्हाला सांगतो, आमची चूक एकच झाली. आम्ही हरलो नाही.

म्हणजे बघा, आमच्या डिलाईल रोडच्या गिरणीचा फुटबॉलचा संघ आहे, अकरा जण, अकराही अनवाणी, आणि गोलात मी. मीच का? तर आमचा कप्तान दगडू म्हणाला, "गुणाजी, तुझा कुणावर म्हणजे कुणावर विश्वास नाही. गोलाला असाच माणूस लागतो." आता ही तारीफ होती की शिवी, ते मी अजून शोधतोय. गेल्या साली आम्ही खालच्या वर्गात सगळ्यांना हरवलं, तर यंदा आम्हाला वरच्या वर्गात चढवलं. वरच्या वर्गात कोण? सगळे गोरे! पलटणीतले, गोदीतले, बूटवाले! सगळे नाचले, पेढे वाटले, मी एकटा कोपऱ्यात बसून विचार करतोय की साहेब स्वतःहून आपल्याला वर का घेईल? कधी घेतलंय? कुठंतरी पाणी मुरतंय! आणि मुरतच होतं की, पहिल्याच सामन्यात, आमच्याच मैदानावर, सहा गोल घातले आम्हाला. सहा! मी मोजायचंच सोडलं होतं, दगडूनं मोजले.

आता दुसरा सामना कुलाब्याला, गोऱ्यांच्या अंगणात. सहाचे बारा झाले असते तरी चाळीनं काही म्हटलं नसतं. पण माझं वेगळंच दुखणं होतं. माझी बायको.

बायको म्हणजे रखमा. आषाढात भांडून घोडपदेवला बापाकडं गेली. कशावरून, तर बोंबलांवरून. कालवणात सहा बोंबील पडलेले मी या डोळ्यांनी बघितले, आणि ताटात आले चार! मी नुसतं विचारलं हो, की उरलेले दोन तुझ्या भावाला पोचले का? बस्स, पातेलं आपटलं, लुगड्यांचं गाठोडं बांधलं, गेली. ते दोन तिनं माझ्याच उद्याच्या डब्याला काढून ठेवले होते, ते मला दुसऱ्या दिवशी फडताळात सापडले. खाल्ले मी ते. पण घशाखाली उतरेनात, खरं सांगतो. तीन महिने घर नुसतं खायला उठलं होतं.

आणायला गेलो, तर दारात सासरा. कुशाबा वस्ताद! घोडपदेवच्या तालमीचे वस्ताद, मान कुठं संपते नि खांदे कुठं सुरू होतात ते कळत नाही. ते म्हणाले, "सायबाशी खेळायला चाललास म्हनं? मंग आईक. जिकून ये, पोरगी पाठीवतो. हारून ये, तरीबी पाठीवतो. मर्दाची पाठ मातीला लागती, त्यात लाज न्हाई. पर निकाल लावल्याबिगर आलास, तर हा उंबरा चढायचा न्हाई!" का, तर तरुणपणी त्यांची कुस्तीची एक जोड बरोबरीत सुटली होती. तासभर घाम गाळला, कुणाची पाठ लागेना, आणि लोक ओरडले, नुरा! नुरा! म्हणजे दोघांनी आधी आत ठरवून, लोकांना दाखवायला खेळलेली खोटी कुस्ती. दगड मारले हो लोकांनी त्यांना. त्या दिवसापासून बरोबरी म्हटलं की वस्तादांचं डोकं फिरतं.

मी म्हटलं, सोपं आहे! हरायचंच आहे, आणि हरून बायको मिळते! मग म्हटलं, थांब गुणाजी, इतकं सोपं? कुठंतरी पाणी मुरतंय!

बरं, निघालो. ट्रामनं. दोन घोडी आणि आम्ही अकरा, आणि भायखळ्याला त्यातलं एक घोडं जे थांबलं ते हलेचना. मी म्हटलं, याला कुणी पढवलंय? दगडू म्हणाला, "घोड्याला कोण पढवणार, गप बस!" पोचलो तर मैदान कसं? हिरवंगार, गादीसारखं. आमच्याकडं खडी आणि बाभळीचे काटे, आम्हाला काट्यावरून पळायची सवय, मऊ गवतावर पाय घसरतात! मुद्दाम वाढवलं असणार. आणि बॉल त्यांचा, शिट्टी त्यांची, घड्याळ त्यांचं, पंच त्यांचा! आणि तो पंच येऊन म्हणतो कसा, "टुम लोग डरो मत, हम बराबर इन्साफ करेगा!" आता मला सांगा, जो खरंच इन्साफ करणार आहे, तो आधी सांगत येतो का?

सामना सुरू झाला आणि जो बॉलचा मारा सुरू झाला... अहो काय सांगू, हा अडवला तोवर तो आला, तो ढकलला तोवर कोपऱ्यातून उडत तिसरा, दगडूनं डोक्यानं काढला, खांबाला लागला, परत आला, मी पोटाखाली दाबला, तर वरून दोन बूट माझ्या पाठीवर! आमची पोरं अशी खेळली, अशी खेळली, अंगठ्याची नखं उडाली तरी कुणी बसलं नाही. आणि मी? मला सगळे सांगतात, गोलकीपरनं बॉलकडं बघावं. मी बॉलकडं बघतच नाही! मी माणसाकडं बघतो. याच्या मनात काय आहे? हा दाखवतोय एक, करणार दुसरं! आणि गोरे तेच करत होते, दरवेळी, म्हणून मी दरवेळी हजर! अर्ध्या वेळेला त्यांनी लिंबाचं सरबत दिलं. सगळे प्यायले, मी नाही प्यायलो. ते स्वतः आधी प्यायले तरी नाही प्यायलो. मग तहानेनं जीव चालला माझा, ती गोष्ट वेगळी.

आणि मग अगदी शेवटी, घड्याळात काय उरलं होतं देव जाणे, आमच्या दगडूच्या हाताला बॉल लागला. शिट्टी! म्हणे आता एकटा साहेब मारणार आणि एकटा गोलकीपर अडवणार, बाकीच्यांनी लांब उभं राहून बघायचं. हा कायदा कधी झाला? म्हणे नवीन आहे. नवीन! आत्ता, या मिनिटाला काढला असेल तर कुणाला कळतंय?

आला एक लाल मिशीवाला. बॉल ठेवला. आणि तुम्हाला सांगतो, त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला की अरे गुणाजी, हा गेला तर तू हरलास, आणि हरलास तर रखमा आली! हा अडला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे वस्ताद! मग जाऊ दे की! नुसता उभा राहा! कोण बोल लावणार आहे? मी मनात म्हटलं, मार बाबा साहेबा, पाहिजे तिकडं मार, माझा संसार तुझ्या बुटात आहे! हात खाली सोडले मी, देवाशपथ सोडले...

आणि तो हसला.

का हसला? मी विचार करतोय, हा का हसला? तो डावीकडं बघतोय, म्हणजे उजवीकडं मारणार, पण मी ते ओळखणार हे त्याला कळलं असेल तर डावीकडंच मारणार, आणि म्हणूनच तो हसतोय, म्हणजे मला उभं ठेवायचंय याला, म्हणजे यालाही तेच पाहिजे जे मला पाहिजे, आणि साहेबाला जे पाहिजे ते माझ्या भल्याचं कधीपासून व्हायला लागलं? गेलो मी डावीकडं! विचार संपायच्या आत अंग गेलं! आणि बॉल आला तो थेट इथं, या जबड्यावर! डोळ्यापुढं काजवे, आणि कानात दगडूची आरोळी, "अडला! अडला!" शिट्टी. संपलं. त्यांचं शून्य, आमचं शून्य. तो मिशीवाला आला, माझा हात हातात घेतला, म्हणाला, "शाबास! बहुट शाबास!" आणि मला रडू फुटलं. पोरांना वाटलं आनंदानं.

चाळीत आलो. "कोण जिंकलं?" कुणी नाही. "मग हरलं कोण?" कुणी नाही. झालं! माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तो एक म्हातारा बिडी विझवून म्हणतो, "साहेबानं हात मिळवला म्हणे?" कुठंतरी पाणी मुरतंय, हे आता माझ्याबद्दल! माझ्या तोंडावर!

तसाच घोडपदेवला गेलो. वस्तादांनी ऐकून घेतलं आणि लांबूनच म्हणाले, "नुरा!" मी जबडा दाखवला. म्हणाले, "आमीबी दाखवायचो." दार लागत होतं, आणि आतून रखमा आली. तीन महिन्यांनी बघत होतो हो तिला. वाळली होती. मला एकच विचारलं, "सायबानं दिलेलं कायबी प्यालात का?" मी म्हटलं, सरबतसुद्धा नाही. तशी ती बापाकडं वळली. "आबा, नुरा खेळायला दोघांचा एकमेकांवर भरोसा लागतो ना? मंग ह्यो मानूस माज्या हातच्या बोंबलावर भरोसा ठिवत न्हाई, त्यो सायबावर ठिवंल व्हय? ह्येच्याच्यानं जल्मात नुरा व्हायचा न्हाई!"

वस्तादांनी लावत आणलेलं दार सोडलं. इतकी वर्षं मी ज्या गुणापायी शिव्या खाल्ल्या, त्यानंच मला सोडवलं! मी तिथंच तिची माफी मागितली, बोंबलांसकट, सगळ्या तालमीदेखत. आली ती. त्याच पावली आली. सकाळ-संध्याकाळ पेज करून घालते, मी काही न विचारता पितो.

पण वस्तादांना अजून पुरतं पटलेलं नाही. ते म्हणाले, "पोरगी नेतोस तर ने. पर म्होरला सामना मी सोता बघनार. तुज्या गोलाच्या मागं बसून. जरा जरी डाव दिसला, तर पोरगी माघारी!" आता पुढच्या रविवारी समोर अकरा गोरे, आणि पाठीमागं, हातभर अंतरावर, मांडी ठोकून कुशाबा वस्ताद. मला सांगा मंडळी, माझ्यासारख्या माणसानं तोंड कुठं करावं आणि पाठ कुणाला द्यावी?